हाका, मोह आणि आउट ऑफ द वुड्स

बॉस मीटिंगमध्ये म्हणतो, ‘डोंट बीट अराउंड द बुश!’ आपण मान डोलावतो. नमनाला घडाभर तेल नको, मुद्द्यावर या, एवढं कळलं की झालं. पण हे झुडूप कुठलं आणि ते बडवायचं कशाला, हे कुणी विचारत नाही. (विचारलं तर आपलं इंग्लिश कच्चं ठरेल ना!)

माझी एक मैत्रीण पुण्यात आयटीत आहे, मूळची चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याची. तिला हे समजावून सांगावं लागलं नाही. ‘अगं, हा तर हाका!’ ती म्हणाली. शिकारीच्या जमान्यात हाकारे आरडाओरडा करत, झुडपं बडवत जनावर पुढे काढायचे आणि बंदूकवाले साहेब मचाणावर आरामात बसायचे. ताडोबात 1935 मध्ये शिकारबंदी आली, 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. इंग्लंडातही तीच तऱ्हा होती: झुडपं बडवून पक्षी उठवणारे वेगळे, पकडणारे वेगळे. थोडक्यात, नुसतंच बडवत राहायचं, खऱ्या कामाला हात घालायचा नाही.

‘बार्किंग अप द राँग ट्री’ हाही शिकारीतलाच, पण अमेरिकेचा. रॅकून एका झाडावर आणि कुत्रा भुंकतोय भलत्याच झाडाखाली. आपल्याकडे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

सेल्सवाल्यांचं लाडकं ‘लो-हँगिंग फ्रूट’ म्हणजे हाताशी लोंबणारं फळ, कमी कष्टात होणारं काम. यावर मैत्रीण हसते. मोहाची फुलं तर आपोआप जमिनीवर पडतात, नुसती वेचायची. कमी कष्ट म्हणणाऱ्याने मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून, टोपली घेऊन दोन तास वाकून दाखवावं.

आणि मग येतो ‘वी आर नॉट आउट ऑफ द वुड्स येट’. अर्थ सोपा आहे: संकट अजून टळलेलं नाही. (ब्रिटिश मंडळी पुष्कळदा एकवचनात ‘वुड’ म्हणतात, तेव्हा मेलमध्ये दिसलं तर चूक काढायला जाऊ नका.) या वाक्प्रचारात जंगल म्हणजे धोका. पोंभुर्ण्याकडच्या बोलीचं नावच झाडीबोली, आणि झाडी म्हणजे जंगल. तिथे जंगल म्हणजे मोह, तेंदूपत्ता, बांबू. उन्हाळ्यात हातात येणारे चार पैसे. पण धोकाही आहेच. मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यात माणसं दगावल्याच्या बातम्या चंद्रपूर-गडचिरोलीतून दरवर्षी येतात.

तिची आई अजूनही मोह वेचायला जाते. त्यामुळे एप्रिलमध्ये सकाळच्या कॉलवर हे वाक्य आलं की बाकीची टीम एक्सेलमधल्या लाल रकान्यांकडे बघते. ही मोबाइलकडे बघते. आई घरी पोचली की धाकटा भाऊ मिस्ड कॉल देतो.