आखूड साखळीचा कौल

बेहाला हे कोलकात्याच्या नैऋत्येकडील दाट वस्तीचे उपनगर. अवघ्या बंगालप्रमाणे तेथील कुटुंबांतही थॅलॅसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक आढळतात. वाहक स्वतः सहसा निरोगी असतो. परंतु आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता चारांत एक असते. तीव्र विकाराच्या बालकास दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते. हा दोष वेळीच ओळखण्याचे सामर्थ्य न्यूक्लिइक आम्लाच्या आखूड साखळीत आहे.

डी.एन.ए.च्या दोन साखळ्यांत अ‍ॅडेनीनसमोर थायमीन व ग्वानीनसमोर सायटोसीन येते. उष्णतेने त्या सुट्या होतात; सावकाश निववल्यास पूरक साखळ्या पुन्हा जुळतात. शेकडो घटकांच्या साखळीत एक घटक विजोड असला तरी बाकीचे बंध ती धरून ठेवतात. वीस-एक घटकांच्या साखळीत मात्र एकच विजोड जोडी पकड सैल करते. योग्य तापमानाला अशी साखळी सुटून जाते; पूर्ण जुळलेली टिकते. 1983 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी 19 घटकांच्या दोन साखळ्या वापरून सिकलसेलचा दोष असाच ओळखला. पुढे रीती बदलल्या, तत्त्व तेच राहिले.

परंतु साखळी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये बीटा-ग्लोबिन जनुकातील ठरावीक जागी अ‍ॅडेनीनऐवजी थायमीन असते. म्हणून तेथे प्रश्न एकच. बीटा-थॅलॅसेमियाला कारण होणारे बदल दोनशेहून अधिक आहेत. बंगालमध्ये या जनुकाच्या पहिल्या मध्यखंडातील पाचव्या जागचा बदल फार आढळतो; शिवाय हिमोग्लोबिन-ई हा निराळा दोषही तेथे आहे. या दोहोंचा एका बालकात संयोग झाल्यास अनेकदा तीव्र विकार होतो. परप्रांतीय लोकसंख्येसाठी केलेली साखळ्यांची यादी येथे जशीच्या तशी लावणे म्हणजे भलताच प्रश्न विचारणे होय.

अशा तपासण्या खर्चिक, गरिबांस न परवडणाऱ्या, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. वाहक शोधण्यास प्रथम रक्तपेशींची मोजणी व हिमोग्लोबिनचे पृथक्करण पुरते. आखूड साखळीची गरज त्यानंतर, दोघेही वाहक ठरलेल्या थोड्या जोडप्यांना लागते. ही सोय त्यांच्या जवळच्या सरकारी रुग्णालयामार्फत मिळावी. कारण गर्भतपासणीचा काळ दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास येतो आणि दूरच्या प्रयोगशाळेची वाट पाहण्यात तो निघून जातो. जन्मभर रक्त पुरविण्याचा भार याहून कितीतरी मोठा आहे.

वाहक असणे हा कलंक नव्हे, आणि त्याचा दोष एकट्या मुलीच्या माथी मारणे तर निव्वळ अज्ञान होय. दोष दोन्हीकडून आल्यावाचून बालकास हा विकार होत नाही. एवढे गणित शाळेतच शिकविले गेले, तर साखळीला प्रश्न वेळेवर विचारला जाईल.