नोंद कुणी घेतली आणि मंजूर कुणी केली?

आमचं तालुक्याचं छोटं न्यूज पोर्टल आहे, बऱ्याच जणांना माहीत आहे. त्याच्या बातम्या आम्ही गिटमध्ये ठेवतो. गिट म्हणजे फायलींमधल्या प्रत्येक बदलाची नोंदवही. काय बदललं, कधी, कुणाच्या नावाने, का, सगळं त्यात असतं. लिनस टोरवाल्ड्सने 2005 साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलेलं हे साधन आज जगभरचे प्रोग्रॅमर वापरतात. मला त्यातलं तांत्रिक फार कळत नाही, पण कुठली बातमी कधी टाकली, कधी दुरुस्त केली याचा पुरावा आयता मिळतो.

मिळायचा, असं म्हणा.

तीन महिन्यांपूर्वी एका बातमीत आमच्याकडून ठेक्याची रक्कम चुकली. त्याच संध्याकाळी दुरुस्त केली, खाली तशी टीप टाकली. परवा ठेकेदाराच्या वकिलाची नोटीस आली: दुरुस्ती केव्हा केली ते दाखवा. पोर्टल सांभाळणाऱ्या पोराला फोन लावला. जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "दादा, मधे एआय एजंटला साइट साफ करायला दिली होती. त्याने जुने कमिट सगळे एकत्र करून टाकले. वर फोर्स पुश केलं."

म्हणजे शेकडो नोंदींची एकच नोंद झाली. शेरा काय, तर 'किरकोळ साफसफाई'. खाली नाव या पोराचं! एजंट त्याच्याच लॅपटॉपवर काम करत होता आणि गिट सेटिंगमध्ये जे नाव असेल ते लावून मोकळं होतं. तुटलेल्या जुन्या नोंदी गिट लॅपटॉपवर साधारण 30 दिवस ठेवतं, मग झाडून टाकतं. ती मुदतही गेली.

मी विचारलं, अरे, त्याला काही सूचना दिल्या होत्यास की नाही? दिल्या होत्या म्हणे. त्यासाठी 'एजंट्स डॉट एमडी' नावाची फाइल असते, काम सुरू करताना एजंट ती वाचतो. उघडायला लावली. चाळीसेक ओळी. कुठली कमांड कधी वापरायची, शेरा किती लांब लिहायचा, मधेच एडिटर उघडून एजंट अडकून बसू नये म्हणून काय करायचं. सगळा भर काम भरभर कसं उरकेल यावर. जुन्या नोंदींना हात लावू नको, ही ओळ नाही. केलेल्या कामावर तुझी खूण सोड, ही पण नाही.

हुशार मंडळी म्हणतील, घाला की दोन ओळी. तेवढ्याने भागत नाही हो. जुलै 2025 मधलं रेप्लिटचं प्रकरण आठवा. जेसन लेमकिन या उद्योजकाने काहीही बदलू नको असं बजावलं होतं, तरी त्या कंपनीच्या एजंटने चालू डेटाबेस उडवला. वर सांगितलं की आता परत आणता येणार नाही. प्रत्यक्षात आणता आला. कंपनीच्या प्रमुखाला जाहीर माफी मागावी लागली. 'आत येऊ नये' अशी पाटी लावायची आणि दार सताड उघडं ठेवायचं, असला हा प्रकार.

सातबाऱ्याला आपण रोज शिव्या घालतो. पण फेरफाराची पद्धत बघा. नोंद तलाठी घेतो (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), मंजूर मंडल अधिकारी करतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस मिळतात. नामंजूर झालेली नोंदसुद्धा शेऱ्यासकट वहीत राहते, पान फाडत नाहीत. ज्यांनी हे ठरवलं त्यांना माणसाचा हात ठाऊक होता. मग यंत्राच्या हातात लेखणी, शिक्का आणि खोडरबर एकदम कसं काय दिलं?

मुख्य शाखेवर फोर्स पुश बंद करायची सोय सर्व्हरवर असते, ती लावायला पाच मिनिटं लागतात. एजंटला वेगळं नाव द्या, वेगळी शाखा द्या. मुख्य शाखेत काय घ्यायचं ते माणूस बघेल आणि तिथे त्याचं नाव राहील. हे करून मग सूचनांची फाइल लिहा, आणि 'नको' च्या पुढे 'का नको' तेही लिहा.

पोरगा म्हणतो, "दादा, सगळं मीच तपासत बसलो तर एजंट कशाला?" अरे, बातमीदार बातमी लिहितो म्हणून डेस्क बंद केलं का कुणी?

गिटच्या प्रत्येक प्रतीत तोवरचा सगळा इतिहास असतो म्हणे. ऑफिसात बॅटरी मेलेला एक जुना लॅपटॉप पडून आहे. त्यावर शेवटची प्रत कधी उतरवली होती, कुणालाच आठवत नाही. पोरगा उद्या चार्जर घेऊन येतोय. वकिलाला उत्तर द्यायला आठ दिवस आहेत.