प्लस दोन याक?

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा बेंगळुरूहून भालकीला आला. पोरगा इंजिनिअरिंगला आहे. बॅगेत फराळासाठी रिकामे डबे, आणि सोबत वीस पैलूंचा एक फासा! 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ तिकडे मुलं जमून खेळतात म्हणे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी सोंगं घ्यायची. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. आपलं पात्र काय करतं ते बोलायचं आणि जमलं की फसलं ते फाशावर ठरवायचं. बयलाटातली सोंगं आणि चौकाबाऱ्यातलं दान एकत्र केल्यासारखाच प्रकार.

कलबुर्गीहून माझी पुतणीही आली होती. वय बारा. तिला खेळायचं होतं. भाच्याने फोन काढला, चार ठिकाणी बोट लावलं आणि योद्धा तयार! बळ, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवर पडणारी छाप, अशा सहा गुणांचे आकडे समोर. बळ पंधरा आणि त्याखाली 'प्लस दोन'.

पुतणी म्हणाली, "अण्णा, प्लस दोन याक?"

"ते फोनच काढतो गं."

"फोनिगे यारु हेळिद्रु?"

फोनला कुणी सांगितलं? सगळे हसले. वर्षभर खेळणाऱ्या भाच्याला उत्तर मात्र देता येईना. मीही हसले, आणि मग गप्प झाले. कारण मला आई आठवली.

आमच्या घरी दिवाळीला चौकाबारा मांडायचा तो आईनेच. पंचवीस घरांचा पट आणि चार कवड्या. चारही उताण्या पडल्या तर चौक, चारही पालथ्या पडल्या तर आठ. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरायचं नाही. एवढं आम्हा भावंडांना येत होतं. पण अडलं की "आई, आता गं?" आई स्वयंपाकघरातूनच निकाल द्यायची. ती गेल्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीत पट मांडला, आणि लागोपाठ तीनदा चौक पडला. ते दान धरायचं की जाळायचं? कुणालाच सांगता येईना. वाद झाला आणि पट गुंडाळला, तो पुन्हा उघडलाच नाही. आई म्हणजे आमचा फोनच होती म्हणायची!

भाच्याला म्हटलं, "बाबा, कागद-पेन्सिल घे." या खेळाचे मूळ नियम इंग्रजीत फुकट मिळतात. ते त्याने लॅपटॉपवर उघडले. साधे फासे चार टाकायचे, सगळ्यात कमी पडलेला सोडायचा, उरलेल्या तिघांची बेरीज करायची. असं सहा वेळा. मग त्या आकड्यातून दहा वजा करायचे, उरेल त्याचं निम्मं आणि अर्धा सोडून द्यायचा. पंधरातून दहा गेले, पाच. निम्मे अडीच, म्हणून प्लस दोन. पुतणीने लगेच विचारलं, "मग चौदाला?" चार, निम्मे दोन. म्हणजे चौदालाही दोनच!

भाच्याने कपाळाला हात लावला. त्याने योद्ध्याला मुद्दाम पंधरा दिले होते, जास्तीचे गुण खर्चून. पुढे त्यात एकाची भर पडणार असेल तरच फाशाच्या हिशेबात त्याचा उपयोग. हे त्याला वर्षभर कळलं नव्हतं, कारण फोन उत्तर देत होता आणि त्याने कधी 'का' विचारलं नव्हतं.

फोनला नावं ठेवायची नाहीत मला. हा खेळ पुढे गेला की मंत्र, शस्त्रं, चिलखत यांचा हिशेब वाढत जातो, तेव्हा यंत्राची मदत हवीच. २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा नियमपुस्तकाबरोबर पात्र बनवून देणारी सीडीसुद्धा मिळत होती. पण पाढे आले की मगच कॅल्क्युलेटर हातात द्यावा, तसंच हे. पहिलं पात्र तरी हाताने करावं. जो खेळ आपल्याला समजलेला नाही तो आपण धाकट्यांना शिकवू शकत नाही. आपल्यापाशी येऊन तो थांबतो.

त्या रात्री पुतणीची मांत्रिकीण तयार झाली, एका वहीच्या पानावर. आणि मी आळंदच्या मावशीला फोन लावला. आईची धाकटी बहीण, वय ऐंशीच्या पुढे. म्हणाली, "तीन चौक? तिन्ही जळतात बाई. एवढं कसं विसरलात?"

विसरलो नव्हतो, कधी शिकलोच नव्हतो. आता वहीत लिहून ठेवलंय, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला पुतणीच्या हातचं कन्नडमध्ये. तुमच्या घरात तीन चौक धरतात की जाळतात? सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या.