वर्दी ही शिक्षा नव्हे

आखाडा बाळापूरहून हिंगोलीकडे किंवा नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाचच्या सुमारास उभे राहिले, तर अंधारातून धावत येणारी मुले दिसतात. कोणाच्या पायांत बूट असतात, कोणाच्या नसतात. कोणी सैन्यभरतीची तयारी करीत असतो, कोणी पोलीस भरतीची. त्यांपैकी अनेकजण शेतमजुरांची मुले आहेत, आणि काही आपल्याच वसतिगृहात वाढलेली आहेत. त्याच रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलात सायंकाळी वर्तमानपत्रातील खुनाची किंवा अत्याचाराची बातमी वाचून कोणीतरी उद्गारतो, "असल्यांना तुरुंगात बसवून फुकट कशाला पोसायचे? पाठवा सीमेवर!" भोवतालचे माना डोलावतात. पहाटेचे ते दृश्य आणि सायंकाळचे हे वाक्य एकमेकांशेजारी ठेवून पाहावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

या सूचनेमागील भावना समजण्यासारखी आहे. तुरुंग खचाखच भरलेले आहेत. तेथून सुटलेला माणूस सुधारून येतोच असे नाही. सैन्यातील शिस्तीने भलेभले वळणावर येतात, हा आपला अनुभव आहे. शिवाय ज्याने समाजाचे नुकसान केले त्याने समाजासाठी काही भोगावे, ही अपेक्षाही अन्यायाची नाही. पण हे प्रयोग जगात झालेले आहेत आणि त्यांची फळेही समोर आहेत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील तुरुंगांतून हजारो कैद्यांना हमाली आणि मजुरीसाठी मेसोपोटेमियात नेले. शिक्षेत सूट मिळेल, हे त्याचे आमिष होते. अलीकडे, 2022 साली, रशियातील वॅग्नर या खासगी सैन्यदलाने तुरुंगांतून भरती केली. सहा महिने लढा आणि माफी मिळवा, असा तो सौदा होता. हजारो कैदी आघाडीवर मारले गेले. जे परतले त्यांच्यापैकी काहींनी गावी येऊन पुन्हा खून केले. युक्रेननेही 2024 साली कायदा करून कैद्यांना सैन्यात घेतले. मात्र अतिगंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना त्यातून वगळावे लागले. माणसे संपत आली की राज्यसंस्थेला कैदी आठवतो. त्याची सुधारणा हा त्या आठवणीमागचा हेतू नसतो.

आपल्या समाजाने तर या प्रश्नाकडे अधिक सावधपणे पाहिले पाहिजे. वर्दीचे मोल आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावच्या लढाईत महार सैनिक लढले. पुढे त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात 'लढवय्या जाती'चा सिद्धान्त पुढे करून ब्रिटिशांनी महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांनी एकही गुन्हा केला नव्हता, त्यांना केवळ जन्मावरून अपात्र ठरवण्यात आले. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. महायुद्धाच्या गरजेपोटी 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि तीही लवकरच मोडण्यात आली. अखेर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रयत्नांना यश येऊन 1941 साली बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. स्वतः बाबासाहेब सुभेदार रामजींचे पुत्र. सैन्यातील नोकरीमुळेच त्या घरात शिक्षणाचा दिवा लागला होता.

जो दरवाजा उघडावा म्हणून दोन पिढ्यांनी अर्ज-विनंत्या केल्या, त्याच दरवाजावर आता 'तुरुंगाचा पर्याय' अशी पाटी लावायची काय? सैन्य ही शिक्षा ठरली, तर पहाटे धावणारा तो मुलगा कशासाठी धावतो आहे? निष्कलंक चारित्र्याचा दाखला घेऊन तो जेथे पोहोचणार, तेथे दुसरा न्यायालयाच्या शिक्षेवरून पोहोचणार असेल, तर आपण त्या मुलाच्या कष्टांचा आणि त्या वर्दीचा, दोहोंचाही अपमान करू.

दुसरा प्रश्न असा की सीमेवर पाठवले जाणार कोण? आपल्या देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही. जामिनासाठी पैसा आणि वकील नसलेली गरीब माणसे त्यांत मोठ्या संख्येने आहेत. ज्याच्यापुढे कोठडी किंवा रणभूमी एवढेच दोन मार्ग ठेवले, त्याच्या संमतीला संमती म्हणता येत नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून सक्तीच्या वसाहतींत डांबले होते. तो कायदा रद्द व्हायला 1952 साल उजाडावे लागले. 'यांना कामाला लावा, म्हणजे सुधारतील' हीच त्यामागची भाषा होती.

आता धम्माच्या दृष्टीने विचार करू. अंगुलिमालाची कथा आपल्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. तथागतांनी त्याच्या हातातील शस्त्र खाली ठेववले. राजाचे शस्त्र त्याच्या हाती दिले नाही. पाचशे घोडेस्वारांसह त्याला पकडायला निघालेल्या राजा प्रसेनजिताच्या सेनेत तो मावला नसता असे नाही. पण हिंसेची सवय असलेल्या माणसाला हिंसेचेच दुसरे काम देणे, हा बुद्धांचा मार्ग नव्हता. या कथेचा उत्तरार्ध आपण सहसा सांगत नाही. भिक्षू झालेला अंगुलिमाल भिक्षेला गेला, तेव्हा लोकांनी त्याला दगडांनी मारले. रक्तबंबाळ होऊन परतलेल्या त्या भिक्षूला तथागतांनी आपल्या कर्माचे फळ सहन करण्यास सांगितले. म्हणजे चीवर मिळाले म्हणून झालेल्या दुष्कृत्याचा हिशेब पुसला गेला नाही.

विनयपिटकातील महावग्गात तर याहून स्पष्ट नियम आहेत. लोक भयभीत होतात म्हणून कुख्यात दरोडेखोराला प्रव्रज्या देऊ नये. तुरुंग फोडून आलेल्यालाही देऊ नये. राजा बिंबिसाराच्या विनंतीवरून सेवेतील सैनिकांनाही संघात घेण्यास मनाई झाली. संघ करुणेवर उभा होता, तरी कायद्यापासून पळ काढण्याची जागा होण्यास त्याने नकार दिला. जे संघाने स्वतःबाबत मानले, ते सैन्यानेही का मानू नये?

मग कैद्याचे करायचे काय? त्याला विसरून जायचे, असे हे उत्तर नाही. सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या शिलालेखात धम्ममहामात्रांवर कैद्यांच्या कल्याणाची जबाबदारी सोपवली आहे. ज्याच्यावर लेकरांचा भार आहे किंवा जो वृद्ध आहे, त्याच्या मुक्तीचा विचार करण्यास सांगितले आहे. महाराष्ट्रातही असा दीप लागलेला आहे. 1939 साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची ती कल्पना होती. तेथे भिंती नव्हत्या. कैदी शेती करीत आणि कुटुंबासह राहत. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या 1957 च्या चित्रपटामागे हीच वसाहत आहे. मराठवाड्यातही पैठणला खुले कारागृह आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवा ही शिक्षा प्रथमच मान्य केली. बंदूक न देताही माणसाला समाजाच्या कामी लावता येते, हे यावरून पटावे.

शेवटी पालकांशी आणि माजी विद्यार्थ्यांशी थोडे मोकळेपणाने बोलतो. आपल्या वस्त्यांपुढचा खरा प्रश्न शिक्षा झालेल्या गुन्हेगाराच्या भरतीचा नाही. मिरवणुकीतील धक्काबुक्कीत किंवा बांधाच्या भांडणात नाव गोवले गेलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा तो प्रश्न आहे. मैदानी चाचणीत तो पहिला येतो आणि चारित्र्य पडताळणीत अडकतो. अशा वेळी घरातील वडीलधारे सांगतात, "फॉर्मात लिहू नकोस, कोण बघतंय?" हाच सल्ला घात करतो. अवतार सिंग प्रकरणातील 2016 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. तसेच तरुणपणीचे प्रकरण अगदी क्षुल्लक असेल, तर नेमणूक करणाऱ्याने त्याचा तारतम्याने विचार करावा. अल्पवयात झालेल्या दोषसिद्धीमुळे सर्वसाधारणपणे पुढे अपात्रता येत नाही, असे बालन्याय अधिनियमाचे 24 वे कलम सांगते. हे आपल्या किती पालकांना ठाऊक आहे?

आपल्या माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, पोलीस आहेत, निवृत्त सैनिक आहेत. वर्षातून एक दिवस त्यांनी शाळेत यावे. दहावी-बारावीच्या मुलांना भरतीचे नियम, पडताळणीचा अर्ज आणि रागाच्या एका क्षणाची किंमत समजावून सांगावी. मुसावादापासून विरत राहण्याचे शील आपण रोज सकाळी म्हणतो. त्या अर्जातील एक रकाना खरा भरणे, हे त्याच शीलाचे आचरण आहे.

गुन्हेगाराला सीमेवर पाठवा, असे म्हणणे सोपे आहे. आपल्या मुलाला गुन्ह्याच्या उंबरठ्यावरून परत आणणे कठीण आहे. निवासी शाळा असते ती या कठीण कामासाठी.

जय भीम, नमो बुद्धाय.