विंटेज म्हणे!

हल्ली इंटरनेटवर दर दुसरं एचएमटी 'विंटेज' असतं. शब्द मुळात द्राक्षमळ्यातला. ज्या सालच्या तोडणीची वाइन, ते साल म्हणजे विंटेज. नुसतं जुनं नव्हे, साल सांगता येईल असं जुनं.

मग विक्रेत्याला विचारावं, साल कोणतं? यंत्राचं काहीतरी ठोकून देतो, तबकडीचं विचारलं की गप्प. कारण ती कालपरवा रंगवलेली! अशा जोडाजोडीला परदेशी संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. वा, काय लौकिक आपल्या मुंबईचा!

एचएमटीची घड्याळं १९६१ पासून, जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला बनू लागली. २०१६ मध्ये केंद्राने ती कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्या काळच्या अस्सल तबकड्या काही आता नव्याने निघायच्या नाहीत, आणि आपण आहेत त्या खरवडतोय.

पौडच्या घड्याळजीने स्प्रिंग बदलली तर माझी तक्रार नाही. घड्याळ चाललंच पाहिजे. पण रंगवलं असेल तर रंगवलंय म्हणा आणि तेवढेच पैसे घ्या.

वडिलांच्या 'जनता'ची तबकडी पिवळी पडली आहे. पुतण्या म्हणतो, "काका, रंगवून घेऊ, किंमत येईल." हात लावून बघ म्हणावं!