करमणूक ही चैन की नागरी सेवा?

एप्रिलच्या मध्यावर परीक्षा संपतात आणि महाराष्ट्रातील मध्यम आकाराच्या शहरांत करमणुकीचा हंगाम सुरू होतो. बालनाट्य शिबिरे, नृत्याचे व चित्रकलेचे वर्ग, सुगम संगीताच्या मैफली, व्यावसायिक नाटकांचे दौरे, खाद्यमहोत्सव यांचे फलक चौकाचौकांत झळकू लागतात. वृत्तपत्रे या रेलचेलीचे कौतुक करतात आणि शहराचे सांस्कृतिक जीवन किती समृद्ध आहे असा निष्कर्षही काढून मोकळी होतात. परंतु काही साधे प्रश्न विचारले की हे चित्र बदलू लागते. हे कार्यक्रम कोणासाठी भरतात? त्यांचा खर्च कोण करतो? त्यांत राबणाऱ्याच्या हाती काय पडते? आणि ज्या जागेत ते होतात ती जागा कोणाच्या मालकीची? समाजवादी चळवळीने रेशन, पाणी, घरे व बसभाडे यांचा विचार सातत्याने केला. सेवा दलाच्या कलापथकांनी कलेतून प्रबोधनही केले. शहरातील कष्टकऱ्याला फुरसतीचा व करमणुकीचा हक्क आहे, हा मुद्दा मात्र चळवळीच्या कार्यक्रमपत्रिकेवर कधी वरच्या क्रमांकावर आला नाही.

वस्तुतः हा मुद्दा कामगार चळवळीच्या जन्माइतकाच जुना आहे. १८८६ साली शिकागोच्या कामगारांनी ज्या मागणीसाठी संप केला तिचे तीन भाग होते : आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि उरलेले आठ तास स्वतःचे. पहिल्या भागासाठी कायदे झाले, त्यांची अंमलबजावणी कशीही होवो. तिसऱ्या भागाचे काय करायचे हे बाजारावर सोपवले गेले. उन्हाळ्यात याचा परिणाम उघड दिसतो. ज्यांना परवडते ते महाबळेश्वरला किंवा कोकणात जातात. राहिलेल्यांपैकी काहींच्या घरी वातानुकूलन यंत्र असते. परंतु ओतशाळेतील कामगार, बाजार समितीतील हमाल, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांच्या पत्र्याच्या घरात मे महिन्याच्या रात्री दहा वाजताही बसवत नाही. शाळा बंद असल्याने मुले दिवसभर गल्लीत. या कुटुंबांना संध्याकाळी घराबाहेर, पैसे न मोजता, सन्मानाने बसता येईल अशी जागा आणि तेथे पाहण्या-ऐकण्याजोगे काही हवे असते. शिबिराच्या शुल्काची पावती आणि नाटकाचे चार जणांचे तिकीट त्यांच्या हिशेबात बसत नाही.

कोल्हापूरचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेपाच लाख वस्तीचे हे शहर. शाहू महाराजांनी येथे १९१२ साली कुस्त्यांसाठी खासबाग मैदान उभारले आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर हे नाट्यगृह बांधले. कुस्ती आणि संगीत नाटक, म्हणजे तालमीतला प्रेक्षक आणि नाट्यसंगीताचा रसिक, यांना एका आवारात शेजार देणारी ही रचना होती. पुढे या नाट्यगृहाला कोल्हापूरचेच सुपुत्र, 'ललितकलादर्श'चे संस्थापक केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. संस्थान विलीन झाले आणि कालांतराने ही वास्तू महापालिकेच्या, म्हणजे नागरिकांच्या मालकीची झाली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, तिला आग लागली आणि रंगमंच, छप्पर व प्रेक्षागृह जळून गेले. शहर हळहळले, कलावंत रस्त्यावर येऊन रडले, राज्य सरकारने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला. या दुःखात एक गोष्ट मात्र फारशी बोलली गेली नाही. महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्येच संपली होती आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे होता. शतकाहून अधिक काळ टिकलेली सार्वजनिक मालमत्ता जळाली, तेव्हा तिच्या देखभालीचा जाब ज्याला सभागृहात उभे करून विचारावा असा लोकनियुक्त प्रतिनिधीच शहराला नव्हता.

राजाने बांधले आणि लोकशाहीने गमावले, असा सोपा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. शाहू महाराजांची दृष्टी थोर होती, यात वाद नाही. परंतु राजाचे औदार्य हे शेवटी औदार्य असते. ते राजावर अवलंबून असते आणि राजाबरोबर संपू शकते. लोकशाहीत तीच गोष्ट नागरिकाचा हक्क म्हणून अंदाजपत्रकात उतरली पाहिजे. संविधानाने त्याची तरतूदही केली आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या विषयांत बागा व क्रीडांगणे आहेत, आणि सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन हा स्वतंत्र विषय म्हणून नोंदलेला आहे. राज्याच्या महापालिका अधिनियमात मात्र पाणी, गटारे, दिवाबत्ती ही कर्तव्ये बंधनकारक, तर करमणुकीच्या सोयी ऐच्छिक सदरात मोडतात. पैशाची ओढाताण सुरू झाली की ऐच्छिक बाबीवरच पहिली कात्री चालते, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

येथे एक आक्षेप येणारच, आणि तो प्रामाणिक आहे. ज्या शहरात वस्त्यांना पुरेसे पाणी मिळत नाही, तेथे नाटकांवर खर्च कशासाठी? याचे उत्तर असे की सार्वजनिक नाट्यगृह हे नाटकवाल्यांसाठी नसते. खाजगी करमणुकीला जागा कमी पडत नाही. तिच्यासाठी हॉटेलांची दालने, मंगल कार्यालये आणि बहुपडदा चित्रपटगृहे आहेत. सार्वजनिक जागा नाहीशी झाली की झळ बसते ती हौशी संघांना, कामगार रंगभूमीला, शाळांच्या संमेलनांना आणि कमी दराच्या तिकिटावर येणाऱ्या प्रेक्षकाला. शिवाय पाणी की नाटक अशी निवड गरिबापुढे ठेवणारेच उड्डाणपूल की पाणी असा प्रश्न कधी विचारत नाहीत. महापालिकांची जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि शहरे राज्य सरकारच्या अनुदानाकडे डोळे लावून बसू लागली. या आर्थिक परावलंबनाविरुद्ध लढणे हे पाण्यासाठीही आवश्यक आहे आणि नाट्यगृहासाठीही.

रंगभूमी स्वतःच्या पायावर का उभी राहत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. बॉमल आणि बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली याचे विवेचन केले. कारखान्यात यंत्रे सुधारतात, तितक्याच श्रमात अधिक माल निघतो आणि त्यातून वेतनवाढ भागते. कलेच्या प्रत्यक्ष प्रयोगात असे घडत नाही. किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले. ते तसेच्या तसे करायचे तर आजही तितकेच नट, तितकेच साथीदार आणि तितकाच वेळ लागेल. नटालाही इतरांसारखेच जगायचे असल्याने त्याचे मानधन मात्र वाढत राहणार. म्हणजे प्रयोगाचा खर्च इतर वस्तूंच्या तुलनेने सतत चढत जाणार. मग तिकीट महाग करा, कलावंताला कमी द्या किंवा समाजाने फरक सोसावा, असे तीनच मार्ग उरतात. आज पहिले दोन मार्ग चोखाळले जात आहेत. तिसऱ्या मार्गाचे तत्त्व शासनाने अंशतः मान्य केलेले आहे; पाचशे रुपयांपर्यंतच्या नाट्यतिकिटाला वस्तू व सेवा करातून सूट आहे ती त्यामुळेच. परंतु ज्याला शंभर रुपयेही जड जातात त्याला या सवलतीचा काय उपयोग? दुसरीकडे, सभागृहात खुर्च्या रिकाम्या राहतात तेव्हा तेथे आणखी एक प्रेक्षक बसवण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. त्या खुर्च्या वस्त्यांतील मुलांना मिळाव्यात यासाठी फार मोठ्या रकमेची गरज नाही. कोणीतरी ती जबाबदारी घेण्याची गरज आहे.

समाजाने सोडलेली ही जागा रिकामी राहिलेली नाही. ती राजकीय पुढाऱ्यांच्या महोत्सवांनी भरून काढली आहे. प्रवेश विनामूल्य असतो, गर्दी होते, चित्रपटातील तारका येतात आणि रंगमंचापेक्षा मोठ्या आकाराचे छायाचित्र नेत्याचे असते. गरीब माणूस तेथे आनंदाने जातो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु तो तेथे उपकृत म्हणून बसतो. कोणता कलावंत बोलवायचा, कोणते नाटक नको, कोणत्या शाहिराने कशावर बोलायचे नाही, हे खर्च करणारा ठरवतो. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा उन्हाळ्याची संध्याकाळ ही नागरिकांनी विचार ऐकण्याची वेळ मानली गेली होती. त्या परंपरेतील श्रोता कोणाचाही आश्रित नव्हता.

याउलट दुसऱ्या एका शहराचा अनुभव पाहावा. फ्रान्समधील आव्हिन्यों हे जेमतेम नव्वद हजार वस्तीचे शहर. तेथे १९४७ साली झाँ व्हिलार या दिग्दर्शकाने पोपच्या जुन्या प्रासादाच्या चौकात नाटके सुरू केली आणि दर जुलैमध्ये भरणारा तो उत्सव जगप्रसिद्ध झाला. पाणी, गॅस आणि वीज यांसारखीच रंगभूमी ही सार्वजनिक सेवा आहे, अशी व्हिलार यांची भूमिका होती. तेथे सर्व आलबेल आहे असे नव्हे. २००३ साली हंगामी कलाकामगारांच्या बेकारी विम्याचे नियम कडक करण्यात आले, तेव्हा नट आणि तंत्रज्ञ संपावर गेले आणि त्या वर्षीचा उत्सवच रद्द झाला. यातला खरा धडा संपाचा आहे. दोन प्रयोगांमधला रिकामा काळ हाही कलावंताच्या श्रमाचाच भाग आहे आणि त्या काळात त्याला विम्याचे संरक्षण हवे, हे तेथील कामगारांनी लढून मिळवले होते आणि ते टिकवण्यासाठी पुन्हा लढा दिला. आपल्याकडे वाद्यवृंदातील वादक, पडदे ओढणारा, प्रकाशयोजनेचा साहाय्यक, तमाशाच्या फडातील ढोलकीवाला हे सारे उन्हाळ्यात कमावतात आणि पावसाळ्यात कर्ज काढतात. वृद्ध कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे. २०२४ मध्ये ती रक्कम दरमहा पाच हजार रुपये करण्यात आली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु हात चालत असताना, काम नसलेल्या महिन्यांत काय, याला कोणत्याही योजनेत उत्तर नाही.

हे सारे आपल्या शहरांना अशक्य आहे असेही नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त कोल्हापुरात कृतज्ञता पर्व साजरे झाले. ६ मे रोजी सकाळी शंभर सेकंद सारे शहर स्तब्ध उभे राहिले. शाहू मिलच्या आवारात प्रदर्शने व कार्यक्रम झाले. बंद पडलेल्या गिरणीचे दरवाजे नागरिकांसाठी उघडले गेले, आणि शासन, प्रशासन व संस्था एकत्र आल्या तर सार्वजनिक जागा कशा जिवंत होतात हे दिसले. प्रश्न एवढाच की त्यासाठी शताब्दीची वाट का पाहावी?

कार्यकर्त्यांनी यासाठी आपापल्या शहरात काही निश्चित मागण्या हाती घ्याव्यात. महापालिकेच्या प्रत्येक नाट्यगृहाच्या देखभालीसाठी व अग्निसुरक्षेसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष असावे आणि त्याचा खर्च दरवर्षी जाहीर व्हावा. एप्रिल-मे महिन्यांत महापालिकेच्या शाळा दुपारनंतर विनाशुल्क बालनाट्य व कला शिबिरांसाठी खुल्या कराव्यात, आणि तेथे शिकवणाऱ्या कलावंतांना मानधन मिळावे. वस्त्यांजवळच्या मैदानांत आठवड्यातून एक संध्याकाळ विनामूल्य कार्यक्रम व्हावा. त्याची निवड नागरिक व कलावंतांच्या समितीने करावी आणि मंचावर कोणाचेही छायाचित्र असू नये. प्रयोगावर काम करणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी होऊन त्याला किमान वेतन व विमा मिळावा. महापालिकांची अंदाजपत्रके फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतात. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यासाठीची निवेदने, वस्तीसभा आणि हिशेबाची मागणी हे काम दिवाळीनंतर लगेच सुरू झाले पाहिजे. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या बाबतीत तर आणखी एक प्रश्न कोल्हापूरकरांनी विचारलाच पाहिजे : त्या रंगमंचाचे भाडे कोणत्या संस्थेला परवडेल आणि त्यापुढच्या खुर्चीवर कोण बसू शकेल? विटा आणि छप्पर यांचा हिशेब कंत्राटदार देईल. या प्रश्नाचा हिशेब नागरिकांनाच मागावा लागेल.