अ‍ॅब्लेशननंतरचे दोन महिने कोणाचे?

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, हा जर्मनीत पंधरा लाखांहून अधिक लोकांना जडलेला विकार. त्यावरील कॅथेटर अ‍ॅब्लेशन पूर्वी औषधे निरुपयोगी ठरल्यावर सुचवले जाई. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही पायरी ओलांडली आहे. विकार अधूनमधून उद्भवणाऱ्या रुग्णांना, त्यांच्याशी चर्चा करून, अ‍ॅब्लेशन हा पहिलाच उपाय म्हणून देता येतो. पन्नाशीकडे झुकलेल्या आपल्या मराठी अभियंत्यांच्या आणि व्यवस्थापकांच्या गप्पांत हा शब्द आता वरचेवर ऐकू येतो तो त्यामुळेच.

या बदलामागे हॅम्बुर्गच्या पाउलुस किर्शहोफ यांच्या नेतृत्वाखालील, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो. २७८९ रुग्णांच्या या पाहणीत हृदयाची लय लवकर सुधारल्यास पक्षाघात, हृदयविकारामुळे होणारे मृत्यू आणि तत्सम आपत्ती सुमारे एकपंचमांशाने घटतात, असे दिसले. मात्र लवकर उपचार मिळालेल्या गटातही दोन वर्षांअखेर अ‍ॅब्लेशन झालेले रुग्ण जेमतेम एकपंचमांश होते; उरलेल्यांचा आधार प्रामुख्याने औषधांचाच होता. हा तपशील प्रचाराच्या ओघात हरवतो.

अ‍ॅब्लेशनचे तत्त्व साधे आहे. बोर्दोच्या मिशेल ऐसागेर यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की थरथरीची ठिणगी बहुधा फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या मुखाशी पडते. त्या मुखांभोवती उष्णतेने वा अतिशीत फुग्याने व्रणाचे कडे केले की ठिणगी बाहेर पसरत नाही. मांडीच्या शिरेतून नळी आत जाते, काम दोनेक तासांत उरकते आणि गुंतागुंत नसेल तर एक-दोन दिवसांत घर गाठता येते. टाके जवळजवळ नाहीतच. त्यामुळे रुग्णाच्या, आणि त्याच्या कार्यालयाच्याही, मनात 'किरकोळ प्रक्रिया' अशी नोंद होते.

हृदयाची नोंद वेगळी असते. आतला व्रण भरून यायला आठवडे लागतात. या काळात जांघेत काळेनिळे पडणे, खोल श्वास घेताना छातीत चमक मारणे, जिना चढताना थकवा येणे, विश्रांतीतही नाडी पूर्वीपेक्षा जलद चालणे, मध्येच ठोका चुकल्यासारखे वाटणे, हे सारे अपेक्षित मानले जाते. जलद नाडीचे कारण असे, की हृदयाला संथ ठेवणाऱ्या मज्जातंतूंच्या काही गाठी त्याच शिरांच्या आसपास असतात आणि त्यांनाही झळ पोहोचते. पहिल्या आठ आठवड्यांत थरथर पुन्हा जाणवली तरी प्रक्रिया फसली असे धरत नाहीत. हे आधी कोणी सांगितले नसेल, तर तिसऱ्या रात्री धडधडणाऱ्या छातीवर हात ठेवून बसलेला माणूस सारे व्यर्थ गेले असेच समजणार. यशाचा आकडाही नेमका ठाऊक असावा. हॅम्बुर्गच्या कार्ल-हाइन्झ कुक यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या तुलनात्मक चाचणीत, उष्णता असो वा शीत फुगा, वर्षभरात सुमारे एकतृतीयांश रुग्णांत उपचार अपुरा ठरला होता.

खरी भीती मात्र अतिशय दुर्मीळ अशा एका गुंतागुंतीची आहे. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला मागून जवळजवळ चिकटून असते. उष्णतेची झळ तिथवर गेली तर काही आठवड्यांनी दोहोंमध्ये छिद्र पडू शकते. ल्युबेकच्या रोलांड टिल्झ यांनी समन्वय केलेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत साडेपाच लाखांवर प्रक्रियांमध्ये असे १३८ रुग्ण आढळले. म्हणजे दहा हजारांत दोन-तीन. पण त्यांतील जवळजवळ दोनतृतीयांश दगावले. लक्षणे सुरू होण्याचा मध्यम काळ होता १८ दिवसांचा, आणि सर्वाधिक आढळलेले पहिले लक्षण होते साधा ताप.

हा ताप जर्मनीत आला तर निदान शेजारचे रुग्णालय तरी ती फाइल उघडेल. पण जुलैत अ‍ॅब्लेशन झाले, सुट्टी शिल्लक आहे, म्हणून ऑगस्टमध्ये पुण्याला किंवा कोल्हापूरला गेलेल्या माणसाला विसाव्या दिवशी ताप भरला, तर? पावसाळ्यात घरचे डॉक्टर डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड यांचाच विचार करतील, आणि त्यात त्यांची चूक नाही. रुग्ण स्वतःही 'पाणी बदलले' म्हणेल. त्यातच गिळताना दुखते म्हणून कोणी एन्डोस्कोपी सुचवली, तर त्या तपासणीत आत फुंकलेली हवा छिद्रातून रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकते. संशय असेल तेव्हा छातीचा सीटी स्कॅन आधी, असा दंडक आहे तो यासाठीच. ल्युबेकच्या पाहणीत वेळीच शस्त्रक्रिया वा अन्य हस्तक्षेप झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास वाचले. केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी दहांतले नऊ गेले.

नव्या तंत्राने हे चित्र पालटू लागले आहे. पल्स्ड फील्ड अ‍ॅब्लेशनमध्ये उष्णतेऐवजी क्षणिक विद्युतक्षेत्राने हृदयाच्या पेशी निकामी केल्या जातात आणि भोवतालच्या ऊती बऱ्याच अंशी बचावतात. युरोपात त्याला २०२१ मध्ये मान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सतरा हजारांवर रुग्णांच्या नोंदीत अन्ननलिकेला छिद्र पडल्याची एकही घटना नव्हती. तिथेही लाल रक्तपेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येणे, हृदयाच्या धमनीला तात्पुरती उबळ येणे असे निराळे, विरळ धोके आढळलेच. आपल्यावर कोणत्या तंत्राने उपचार झाले, हे रुग्णाला ठाऊक असणे म्हणूनच गरजेचे. बहुतेकांना ते सांगता येत नाही.

जर्मन व्यवस्था विश्रांतीच्या बाबतीत उदार आहे. आजारपणात सहा आठवडे मालक पूर्ण वेतन देतो, पुढे विमा संस्था भत्ता देते, आणि प्रदीर्घ आजारानंतर 'हॅम्बुर्ग मॉडेल'नुसार तास टप्प्याटप्प्याने वाढवत कामावर परतता येते. आपली मंडळी मात्र पुढच्या सोमवारी लॅपटॉप उघडून बसतात. ब्लू कार्डवर आलेल्यांना रजेचा कागद म्हणजे नोकरीवरचे सावट वाटते; ही समजूत निराधार असली तरी खोल रुजलेली आहे. त्रुटी आहे ती दुसरीकडे. रुग्णालयाला प्रति रुग्ण ठोक रक्कम मिळते, घरी सोडताच त्याचा हिशेब मिटतो. पुढचा भार घरच्या डॉक्टरांवर, म्हणजे हाउसआर्ट्झ्टवर. हृदयतज्ज्ञाची भेट अनेकदा महिन्यांनंतरची. जर्मन जेमतेम बी-वन असलेल्या माणसाने या फटीत आपली लक्षणे फोनवर कशी समजावून सांगावीत?

मद्याचा विषय आपल्याकडे संकोचाने टाळला जातो, म्हणून इथे लिहितो. म्युनिकच्या संशोधकांनी २०१५ च्या ऑक्टोबरफेस्टमध्ये तीन हजारांवर लोकांचे ईसीजी काढले. रक्तातील मद्याचे प्रमाण वाढत जाई तसा ठोक्यांचा बिघाडही वाढत जाई. अ‍ॅब्लेशननंतर थरथर परतू नये यासाठी वजन, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे आणि मद्य यांकडे लक्ष देणे हा उपचाराचाच भाग आहे.

रक्त पातळ करणारी गोळी किमान दोन महिने सर्वांनाच घ्यावी लागते. त्यानंतर ती चालू ठेवायची की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवर ठरते. ठोका सुरळीत वाटतो की नाही यावर नाही. भारतप्रवास शक्यतो या दोन महिन्यांनंतर ठेवावा. तो टळत नसेल तर आर्ट्झ्टब्रीफ, म्हणजे रुग्णालयाचे निरोपपत्र, इंग्रजीत करून घ्यावे आणि त्यात प्रक्रियेची तारीख, वापरलेले तंत्र आणि 'ताप, गिळताना वेदना, अर्धांगाची लक्षणे आढळल्यास प्रथम सीटी, एन्डोस्कोपी नाही' ही ओळ लिहून मागावी. त्याची एक प्रत आपल्यासोबत प्रवास करणाऱ्याच्या फोनमध्येही असू द्यावी, कारण ज्याला ती दाखवण्याची वेळ येईल तो बहुधा रुग्ण नसेल.